नोकरी, ये-जा आणि वाचाउपचाराची एम.एस्सी.: पुण्यात हे तिन्ही कसे बसवावे

तुमच्या प्रश्नातील तपशील आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझे उत्तर कोणत्या परिस्थितीला धरून आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा विकारांच्या उपचारांची पदवी) पूर्ण करून तुम्ही गेली दोन वर्षे पिंपळे सौदागरमधील एका बालविकास केंद्रात वाचाउपचारतज्ज्ञ म्हणून काम करत आहात. घर चिंचवडला, आई-वडिलांसोबत. धनकवडीच्या बाजूच्या महाविद्यालयात स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो आहे. केंद्राने पूर्ण नोकरीऐवजी आठवड्याचे पाच दिवस संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ अशी अर्धवेळ जागा, महिना १५,००० रुपयांवर, देऊ केली आहे. वडील निवृत्त झाले आहेत, धाकट्या भावाचे शिक्षण चालू आहे आणि घरी कोणाला कर्ज नको आहे. नोकरी ठेवावी का, रोज ये-जा करावी की खोली घ्यावी, आणि कर्ज टाळता येईल का, असे तुमचे तीन मुख्य प्रश्न आहेत.

हे तीन प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत. तुम्हाला टंचाई पैशांची वाटते आहे, आणि ती खोटी नाही. परंतु विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल कामावर देखरेख करताना मला वर्षानुवर्षे जे दिसत आले आहे ते असे की, या अभ्यासक्रमात आधी संपतात ते पैसे नव्हेत, तर सेशनच्या आधीचे आणि नंतरचे तास. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात नऊ ते चार एवढेच लिहिलेले असते. त्या वेळापत्रकाबाहेरचे काम कुठे बसणार, हे ठरवल्याशिवाय नोकरीचा किंवा खोलीचा निर्णय घेतला, तर तो पहिल्या अंतर्गत मूल्यमापनाच्या सुमारास मोडतो.

काही गोष्टी तुमच्या महाविद्यालयावर अवलंबून आहेत आणि त्या मी येथून सांगू शकणार नाही. शनिवार पूर्ण असतो, अर्धा असतो की सुट्टीचा. बाहेरच्या रुग्णालयातील पोस्टिंग कोणत्या सत्रात आणि शहराच्या कोणत्या टोकाला असते. विद्यावेतन मिळते का, आणि मिळत असल्यास बाहेर नोकरी न करण्याची अट त्याला जोडलेली आहे का. क्लिनिकल उपस्थितीची अट किती कडक आहे. या चार प्रश्नांची उत्तरे प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी विभागातून घ्या, आणि शक्य असल्यास सध्याच्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीकडूनही घ्या, कारण नियमपुस्तिका आणि रोजचा व्यवहार यांत थोडे अंतर असतेच. बाहेर काम करायचे असेल तर ते विभागप्रमुखांना सांगूनच करा. लपवलेली नोकरी फार दिवस लपत नाही. पुण्यात आपले क्षेत्र एवढे लहान आहे की तुमच्या केंद्रातील एखाद्या मुलाची आई आणि तुमच्या सुपरव्हायझर एकाच सोसायटीत निघतात.

आता त्या न दिसणाऱ्या तासांविषयी. बीएएसएलपीला असताना लेसन प्लॅन लिहिताना उद्दिष्ट, साहित्य, पद्धत एवढे मांडले की चालत असे. एम.एस्सी.ला त्याच मुलासाठी हेच उद्दिष्ट का निवडले, कोणत्या पुराव्यावर निवडले, आणि तीन आठवड्यांत बदल दिसला नाही तर पुढे काय करणार, हे विचारले जाते. त्यामुळे ४५ मिनिटांच्या सेशनमागे तयारी, नोंद आणि पालकांसाठीचा घरचा कार्यक्रम मिळून निदान तेवढाच वेळ जातो, नवीन केस असेल तर दुप्पट. एखाद्या मुलाच्या दहा मिनिटांच्या उत्स्फूर्त बोलण्याचे ध्वनिमुद्रण ऐकून ते शब्दशः लिहून काढायचे आणि त्याचे विश्लेषण करायचे, तर दीड-दोन तास सहज जातात; उच्चार अस्पष्ट असतील तर आणखी. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या आजोबांची पूर्ण चाचणी बहुधा एका बैठकीत होत नाही, कारण ते थकतात, आणि मग गुण मोजणे व अहवाल लिहिणे घरीच होते. या कामाला शांत डोके लागते. रात्री दहानंतर लिहिलेला अहवाल मला सकाळी वाचताना ओळखू येतो.

दुसरी गोष्ट, जी या प्रश्नावर बोलताना क्वचित कोणी काढते, ती आवाजाची. आपल्या कामाचे साधन आपला स्वतःचा आवाज आहे. दिवसभर क्लिनिकमध्ये लहान मुलांशी चढ्या, नाट्यपूर्ण स्वरात बोलून पुन्हा संध्याकाळी तीन तास तेच करायचे, आणि मधल्या वेळात सातारा रस्त्यावरच्या धुरातून दुचाकीवर यायचे, हे सलग दोन वर्षे फार थोड्यांना झेपते. आवाजाच्या अतिवापराचे रुग्ण ज्यांना पुढे तपासायचे आहेत, त्यांचाच आवाज दिवाळीपर्यंत बसलेला असतो, असे मी एकाहून अधिक मुलींच्या बाबतीत पाहिले आहे. पाणी पिणे, मधे विश्रांती, वरच्या पट्टीत न बोलणे, हे सारे आपण शिक्षकांना सांगत असतो. स्वतःचे वेळापत्रक आखताना मात्र ते धरत नाही.

केंद्राने देऊ केलेल्या जागेकडे या दृष्टीने पाहा. सकाळी सव्वासातला चिंचवडहून निघणे, नऊला महाविद्यालय, चारनंतर निघून शहर आडवे कापत साडेपाचपर्यंत पिंपळे सौदागर, साडेआठला काम संपवून नऊच्या सुमारास घर. जेवण होऊन टेबलाशी बसेपर्यंत दहा वाजतात. म्हणजे अभ्यास, नोंदी आणि दुसऱ्या दिवसाचे प्लॅन यांना रोज रात्रीचे दोन तास उरतात, तेही सव्वासातला पुन्हा बाहेर पडायचे आहे हे माहीत असताना. पहिले सत्र यात निभावून जाईल. दुसऱ्या सत्रात पोस्टिंग आणि प्रबंधाचा विषय एकदम अंगावर येतात, तेव्हा निभावणार नाही, असे मी स्पष्टच सांगते.

शिवाय हे काम तुम्हाला नवे काही शिकवणार नाही. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे येणारी बहुतेक मुले दोन ते सहा वर्षांची, उशिरा बोलणारी किंवा ऑटिझम असलेली आहेत. ते काम तुम्हाला येते. एम.एस्सी.मध्ये तुमची कसोटी लागणार ती वाचाघात (मेंदूला इजा होऊन भाषा जाणे), गिळण्याचे विकार, आवाजाचे विकार, प्रौढांचे अडखळणे, दुभंगलेल्या टाळूनंतरचे बोलणे अशा ठिकाणी. संध्याकाळची हीच नोकरी एखाद्या रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात असती, तर माझे उत्तर निराळे झाले असते, कारण मग नोकरीचे तास काही अंशी अभ्यासाचेच तास ठरले असते.

आता पैशांचा हिशेब मांडू या, कारण घरच्यांपुढे तुम्हाला तो मांडावा लागणार आहे. महिना १५,००० मधून केंद्रापर्यंतचा जादा प्रवास, रिक्षा आणि संध्याकाळचे बाहेरचे खाणे वजा केले तर हातात साधारण १२,००० राहतात. दोन वर्षांतील परीक्षा आणि सुट्ट्यांचे महिने वगळून २० महिने धरले तर २,४०,००० रुपये होतात. हीच रक्कम कर्जाने उभी केली तर काय होईल? पहिल्या वर्षी १,२०,००० आणि दुसऱ्या वर्षी १,२०,००० असे कर्ज साडेदहा टक्के सरळ व्याजाने घेतले, असे धरू. अभ्यासक्रम संपेपर्यंत पहिल्या रकमेवर २५,२०० आणि दुसरीवर १२,६०० असे ३७,८०० रुपये व्याज होते. शिक्षण संपताच सर्व मिळून सुमारे २,७८,००० रुपये पाच वर्षांत फेडायला घेतले, तर महिन्याचा हप्ता सहा हजारांच्या आसपास येतो.

सहा हजार म्हणजे तुमच्या आजच्या पगाराचा मोठा भाग, हे खरे आहे. पण एम.एस्सी.नंतरच्या तुमच्या कमाईशी तो ताडून पाहा. पुण्यात खाजगी सेशनचे आजचे दर माझ्या पाहण्यात पाचशेपासून हजारापर्यंत आहेत. महिन्यात दहा-बारा सेशन त्या हप्त्यासाठी गेली असे समजा. त्या बदल्यात तुम्ही विकत घेता ते अभ्यासाच्या दोन वर्षांतील आठवड्याचे सुमारे वीस तास, त्या तीन तासांच्या पुढे-मागे जाणारा प्रवास धरून. मला हा सौदा महाग वाटत नाही. तुमच्या वडिलांना कर्ज हा शब्दच नको असेल, तर हाच हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा. निवृत्त माणसाला कर्जापेक्षा त्याची अनिश्चितता जास्त छळते, आणि हप्ता किती व किती वर्षे हे डोळ्यांपुढे आले की बोलणे सोपे होते.

शैक्षणिक कर्जाविषयी काही पक्के मुद्दे. भारतीय बँक संघटनेच्या नमुना योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. पालक सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू करण्याची मुभा असते आणि त्या काळात सरळ व्याज लागते. जमेल तसे ते व्याज दरमहा भरत गेलात तर पुढचा हप्ता हलका होतो. काही सरकारी बँका मुलींना व्याजात अर्ध्या टक्क्याची सवलत देतात, ती विचारून घ्या, कारण काउंटरवरची व्यक्ती आपणहून सांगेलच असे नाही. आयकरात या कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, मात्र ती जुन्या करप्रणालीतच. नव्या प्रणालीत मिळत नाही. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज एका ठिकाणी करता येतो, तरीही घराजवळच्या शाखेत जाऊन बोलावे हे बरे.

शिष्यवृत्तीबाबत एक सावधगिरी. महाडीबीटीवरील राज्य शासनाच्या फीसवलतीच्या योजना बहुतांशी शासकीय, अनुदानित आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश होणाऱ्या विनाअनुदानित महाविद्यालयांसाठी असतात. अभिमत विद्यापीठांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजना लागू होत नाहीत. जुलै २०२४ मध्ये मुलींच्या शंभर टक्के शुल्कमाफीचा निर्णय झाला, तेव्हा अनेक पालकांचा गैरसमज झाला की तो कोणत्याही महाविद्यालयाला लागू आहे. त्याला उत्पन्नाची, प्रवर्गाची आणि प्रवेशप्रक्रियेची मर्यादा आहे. तुमचे महाविद्यालय त्यात बसते का, हे प्रवेशाच्या खिडकीवर लेखी विचारा आणि तोपर्यंत सवलत मिळेल असे गृहीत धरून हिशेब करू नका.

प्रवासाकडे येते. चिंचवडहून धनकवडीपर्यंत दुचाकीने एका बाजूला वीस-पंचवीस किलोमीटर पडतात, म्हणजे रोज जवळपास एक लिटर पेट्रोल, शंभराहून थोडे अधिक रुपये. मेट्रोची पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट ही मार्गिका २९ सप्टेंबर २०२४ रोजी शेवटचा भूमिगत टप्पा सुरू होऊन पूर्ण झाली, आणि त्यामुळे तुमच्यासारख्यांचा प्रवास खरोखर बदलला. तरीही दोन टोके उरतात: चिंचवडहून पिंपरीच्या स्थानकापर्यंत येणे, कारण निगडीकडचा विस्तार अजून चालू नाही, आणि स्वारगेटहून पुढे पीएमपीची कात्रजकडे जाणारी बस. हे सारे धरून मेट्रो दुचाकीपेक्षा फारशी स्वस्त पडत नाही. जाऊन-येऊन खर्च जवळपास सारखाच येतो. फरक वेळेच्या प्रतीत आहे. दुचाकीवरचा दीड तास पूर्ण वाया जातो आणि उरलेल्या दिवसाचा थकवाही तोच देतो. मेट्रोतील अर्धा-पाऊण तास बसून वाचता येतो, आणि सकाळी पिंपरीहूनच बसत असल्याने जागा मिळण्याची शक्यता तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे.

मात्र त्या वेळात काय करायचे याला एक मर्यादा आहे, आणि ती मी माझ्या विद्यार्थिनींना पहिल्याच दिवशी सांगते. रुग्णाची फाइल, मुलाचा व्हिडिओ, नाव असलेला अहवाल गाडीत उघडायचा नाही. शेजारी बसलेल्या माणसाला स्क्रीन दिसते. संशोधनलेख, पाठ्यपुस्तक, वर्गातील टिपणे, प्रबंधाचे वाचन यासाठी तो वेळ ठेवा. ध्वनिमुद्रण लिहून काढणे आणि अहवाल यांना बंद दार लागते.

पुण्यातील वर्षाचा काही भाग प्रवासाच्या हिशेबातून वगळूनच ठेवावा लागतो. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात, तेव्हा तुकोबांची पालखी तुमच्याच भागातून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने उतरते. गणपतीत मध्यवस्तीतील रस्ते बंद होतात, आणि भूमिगत मेट्रो कसबा पेठ व मंडईखालूनच जात असल्याने त्या दहा दिवसांत संध्याकाळी तिच्यात उभे राहायलाही जागा नसते. त्या काळात सेशनच्या वेळा सुपरव्हायझरशी आधी बोलून ठेवल्या तर कोणी अडवत नाही. न सांगता उशीर झाला तर मात्र तिकडे ताटकळलेले आजोबा आणि त्यांची मुलगी असते, आणि ते विसरले जात नाही.

खोली घ्यावी का? धनकवडी, बालाजीनगर, आंबेगाव या पट्ट्यात कॉट बेसिसवर (सामायिक खोलीतील एक खाट भाड्याने घेऊन) राहायचे तर भाडे आणि मेस मिळून दहा हजारांच्या आसपास महिन्याला लागतील, वर सुरुवातीचे डिपॉझिट. घरी राहिल्यास यातले बरेचसे वाचते, आणि आईच्या हातचे जेवण हा काही किरकोळ फायदा नव्हे. म्हणून पहिल्या सत्रात खोली घेऊ नका. घरून मेट्रोने जा, दिवस कसा जातो ते पाहा आणि दिवाळीच्या सुट्टीत निर्णय घ्या. खोलीचा खरा उपयोग तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात होतो, जेव्हा सकाळी लवकरची पोस्टिंग, रात्री उशिरापर्यंत ग्रंथालय आणि मार्गदर्शकांच्या सवडीने होणाऱ्या भेटी असतात. तेवढ्याच आठ-दहा महिन्यांसाठी जागा घ्यायची असेल, तर बाहेर पडणाऱ्या वरच्या वर्गातील मुलींच्या जागेवर नाव घालून ठेवा. सहकारनगर किंवा बिबवेवाडीला मावशी-आत्या असेल आणि तुमचे जमत असेल, तर आठवड्यातील दोन-तीन रात्री तिकडे राहणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मात्र त्या घरात तुम्हाला रात्री अकरापर्यंत दिवा लावून बसता आले पाहिजे, हे आधी बोलून घ्या.

खोली ठरवताना बहुतेक मुली एक गोष्ट पाहत नाहीत. ऑनलाइन सेशन घेण्याचा विचार असेल तर तीन जणींच्या खोलीत ते होत नाही. पालकांशी मुलाच्या अडचणींविषयी बोलताना मागे दुसरे कोणी असता कामा नये. घरातील स्वतःची खोली या दृष्टीने किती मोलाची आहे, हे बाहेर पडल्यावरच कळते.

येथपर्यंतचे माझे मत असे झाले: संध्याकाळची रोजची नोकरी सोडावी, फीचा जो भाग भरता येत नाही तेवढेच कर्ज काढावे, पहिले सत्र घरूनच ये-जा करावी, आणि खोलीचा खर्च शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवावा. याचा अर्थ कमाई पूर्ण बंद करावी असा नाही.

केंद्राशी बोलून रविवारची सकाळ मागा. शनिवार मोकळा असेल तर तोही, पण सुरुवातीचे दोन महिने फक्त रविवार. चार किंवा पाच मुले, तीही तुम्हाला आधीपासून माहीत असलेली, म्हणजे तयारीचा बोजा कमी. यात महिन्याला सात-आठ हजार मिळाले तरी तुमचा प्रवास, झेरॉक्स, साहित्य आणि हातखर्च सुटतो, आणि घरून काही मागावे लागत नाही. पालकांना मार्गदर्शन करण्याची सेशन ऑनलाइन चांगली होतात, कारण तिथे मूल कॅमेऱ्यासमोर बसवायचे नसते, आईला घरातल्या घरात काय करायचे ते दाखवायचे असते. आठवड्यातील एका रात्री अशी दोन सेशन ठेवता येतील. त्याहून अधिक नकोत. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे तुमची मुले दुसरी कोण पाहणार, हे केंद्राने आधी ठरवलेले असावे, नाहीतर ऐन वेळी तुम्हालाच फोन येत राहतात.

बाहेर काम करताना तुमची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी चालू असणे अत्यावश्यक आहे. परिषदेच्या १९९२च्या कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीशिवाय या व्यवसायात काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमची बीएएसएलपीची नोंदणी असल्याने तुम्ही कायदेशीरपणे काम करू शकता, पण शिक्षणाच्या धावपळीत नूतनीकरणाची तारीख निघून जाते. ती आत्ताच पाहून ठेवा. एम.एस्सी. झाल्यावर वाढीव पात्रताही नोंदवून घ्यावी लागते, त्याची फी शेवटच्या वर्षाच्या खर्चात धरा. केंद्राने तुमच्या मानधनातून टीडीएस कापला, तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो; एवढ्या उत्पन्नावर तुम्हाला कर लागणार नाही, आणि तरीही हे पैसे अनेक जणी तसेच सोडून देतात.

प्रबंधाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण खर्च आणि प्रवास या दोन्हींच्या दृष्टीने सर्वांत मोठा निर्णय तोच असतो. विषय निवडताना लोक साहित्य पाहतात, मार्गदर्शकांची आवड पाहतात. सहभागी व्यक्ती कुठे राहतात हे पाहत नाहीत. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले यंत्र) झालेली आणि मराठी बोलणारी ठरावीक वयाची मुले हवीत असा विषय घेतला, की नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत फिरावे लागते, आणि त्या एस.टी.च्या तिकिटांचा हिशेब सिनॉप्सिसमध्ये कुठे येत नाही. तुमचे घर चिंचवडला आहे. प्राधिकरण, आकुर्डी, निगडी या भागांत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. शाळकरी मुलांचे कथाकथन, ज्येष्ठांचे शब्द आठवण्याचे कौशल्य, शिक्षकांच्या आवाजाच्या तक्रारी, असा कोणताही विषय तुम्हाला घरापासून दोन-चार किलोमीटरच्या आत माहिती गोळा करू देईल. असे विषय हलके नाहीत. मराठीसाठी प्रमाणित आकडे आपल्याकडे इतके कमी आहेत की नीट केलेले लहान कामही उपयोगी पडते. शाळांची परवानगी जून-जुलैमध्ये मागावी, कारण डिसेंबरनंतर स्नेहसंमेलने आणि परीक्षा यांत कोणी दाराशी उभे करत नाही. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीची मान्यता येईपर्यंत माहिती गोळा करायला सुरुवात करता येत नाही, हेही वेळापत्रकात धरा. तुमच्या केंद्रातील मुले घेण्याचा मोह होईल. पण जे पालक तुम्हाला फी देतात त्यांची संमती मोकळी संमती असते का, असा प्रश्न समिती विचारेल, आणि तो रास्त आहे.

तुम्ही शेवटी विचारले आहे की एक वर्ष थांबून वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसाठी किंवा म्हैसूरच्या आयशसाठी (वाचा-श्रवणाच्या या दोन राष्ट्रीय संस्था) प्रयत्न करावा का. फी खूपच कमी आणि क्लिनिकमधील रुग्णांचे वैविध्य मोठे, हे दोन्ही ठिकाणी खरे आहे. प्रवेशपरीक्षेत तुमचा क्रमांक जवळपास येऊन हुकला असेल तर एक वर्ष थांबण्यात मला गैर वाटत नाही, कारण त्या वर्षात तुम्हाला पूर्ण पगार मिळत राहील. पण प्रवेश मिळाला तर तिथेच राहावे लागेल हे पक्के धरा. पुण्याहून मुंबईला रोज जाणारी माणसे आहेत, पण त्यांची कार्यालये साडेदहानंतर भरतात. सव्वासातची डेक्कन क्वीन धरून नऊच्या क्लिनिकला कोणी पोहोचत नाही. दूरशिक्षणाचा पर्याय कोणी सुचवला तर त्याकडे वळू नका. क्लिनिकल काम असलेल्या या पदवीला पूर्णवेळ उपस्थितीशिवाय नोंदणी मिळत नाही.

केंद्राच्या संचालकांशी बोलण्याबाबत तुम्हाला संकोच वाटतो असे तुम्ही लिहिले आहे. अर्धवेळ जागा नाकारून रविवार मागणे म्हणजे कृतघ्नपणा, असे मनात आणू नका. रविवारी येणाऱ्या पालकांची मागणी सर्वच केंद्रांना असते आणि रविवारी काम करणारे तज्ज्ञ सहज मिळत नाहीत, त्यामुळे तुमच्या हातातही काही आहे. बोलणे झाल्यावर ते एका पानावर लिहून घ्या: कोणत्या दिवशी किती मुले, प्रत्येक सेशनचे किती पैसे, पालकांनी आयत्या वेळी रद्द केल्यास काय, परीक्षेच्या काळातील सुट्टी, आणि काम सोडायचे झाल्यास किती दिवस आधी सांगायचे. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नका. पाहून परत द्यावीत, सोबत साक्षांकित प्रत द्यावी. शिक्षण संपल्यावर ठरावीक वर्षे तिथेच काम करण्याचा बाँड पुढे आला, तर त्यावर लगेच सही न करता तो घरी आणून वडिलांना वाचायला द्या.